डिस्कार्डचं धिरडं, बिडाचा तवा

१६ ऑक्टोबरचा जागतिक ब्रेड दिन झाला. जाळीदार सावरडो पावांचे फोटो टाकून झाले आणि त्यांच्या मागोमाग दरवर्षीप्रमाणे ‘डिस्कार्ड’च्या पाककृतींची लाट आली. सावरडोचं स्टार्टर म्हणजे पाव फुगवणारं आंबवलेलं पीठ-पाणी, हे लॉकडाउननंतर कुणाला समजावून सांगायला नको. ते जिवंत ठेवताना रोज जे काढून टाकावं लागतं, म्हणजेच डिस्कार्ड, त्याचं काय करायचं, हा खरा तिढा आहे.

टाकावं का लागतं? ५० ग्रॅम स्टार्टरला तेवढंच पीठ आणि तेवढंच पाणी दिलं की झालं १५० ग्रॅम. उद्या ४५०. परवा १ किलो ३५० ग्रॅम. चौथ्या दिवशी चार किलोंच्या वर. त्यामुळे बहुतांश काढायचं आणि उरलेल्याला पुन्हा खायला घालायचं, अशी पद्धत पडली. मग मन खायला लागतं, अन्न फेकवत नाही. इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. पण पुढे येतात त्या पाककृती पाहा: शंभर ग्रॅम मैदा वाया जाऊ नये म्हणून दोनशे ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, चॉकलेट आणि तासभर पेटलेला ओव्हन. याला काटकसर म्हणायला माझी तयारी नाही. केक खायला निमित्त हवं असेल तर खुशाल करा, पण हिशेबाच्या वहीत तो बचतीच्या बाजूला मांडू नका.

काढलेल्या स्टार्टरमध्ये वजनानं निम्मं पीठ आणि निम्मं पाणी असतं. त्याची फुगवायची ताकद ओसरलेली असते, आंबटपणा मात्र भरपूर. पावाला निकामी झालेलं हे मिश्रण धिरड्यासाठी जवळजवळ तयारच असतं. वाटीभर स्टार्टर, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे बेसन, जिरं, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, मीठ आणि लागेल तसं पाणी, बस्स. धिरडं फिकटच राहतं अशी तक्रार असेल तर त्याचं कारण साधं आहे: पिठातली साखर जंतूंनी आधीच फस्त केलेली असते आणि आंबटपणामुळेही रंग उशिरा चढतो. चिमूटभर गूळ घाला. आप्पे करायचे असतील तर रवा भिजवा आणि सोडा अगदी शेवटी घाला. आंबट पिठात तो पडताक्षणी फसफसतो आणि ती फसफस आप्पेपात्रात व्हायला हवी, पातेल्यात नव्हे.

तवा मात्र बिडाचा हवा. तो जाड असतो, तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की थंड पीठ पडलं म्हणून लगेच निवत नाही, त्यामुळे जाळी पडते. सिंधुदुर्गात आंबोळ्या करणाऱ्या बायका अर्धा कांदा तेलात बुडवून असाच तवा पुसतात. नॉनस्टिकवर धिरडं सुटतं झकास, पण ती जाळी आणि तो करपट कडेचा खमंगपणा त्यावर मिळत नाही, हे माझं ठाम मत.

या सगळ्यात मला सर्वांत रस आहे तो कीथ स्टाइनक्रॉस या माणसात. कॉर्नेल विद्यापीठातला हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जगभरच्या आंबवलेल्या पदार्थांमागे लागला होता. देशोदेशीच्या अशा पदार्थांचा त्यानं संपादित केलेला जाडजूड ग्रंथ १९८३ साली आला. त्याआधी १९६५ मध्ये मुखर्जी, स्टाइनक्रॉस आणि सहकाऱ्यांनी इडलीच्या पिठाचा अभ्यास छापला. ते पीठ फुगवण्याचं मुख्य काम यीस्ट करत नाही, ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू करतो, असं त्यांना आढळलं. आणि हा जिवाणू बाहेरून आणावा लागत नाही, डाळ-तांदळाबरोबरच येतो. गहू आणि यीस्ट न वापरताही पावासारखा फुगीर पदार्थ या वाटेनं करता येईल, ही शक्यता स्टाइनक्रॉसला फार मोलाची वाटत होती. ज्या घरात आठवड्याला आंबोळीचं पीठ भिजतं, त्या घरात हे काम आधीपासून चालू आहे, आणि तिथे काढून टाकायला काही उरतच नाही. सगळं पीठ खाल्लं जातं, पुढच्या वेळी नवी डाळ, नवे तांदूळ.

जुन्या भांड्यांच्या हौसेबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. माळ्यावरून काढलेलं पितळी पातेलं घासून लखलखीत करायचं आणि त्यात स्टार्टर ठेवून फोटो काढायचा, हे हल्ली दिसतं. कृपा करून करू नका. आम्लामुळे पितळेतलं तांबं पिठात उतरतं. कल्हईचा शोध हौसेसाठी लागलेला नाही. तापल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील फिरवतात, तेव्हा अन्न आणि पितळ यांच्यामध्ये पडदा तयार होतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवायचं नसतं. कल्हईवाला आता सहज सापडत नाही, तर सरळ चिनी मातीची बरणी घ्यावी, झाकण सैल ठेवावं. बिडाच्या तव्यालाही आंबट पीठ फक्त भाजण्यापुरतं चालतं; रात्रभर त्यात राहिलं तर वर्षानुवर्षं मुरलेला तेलाचा थर निघतो आणि पीठ काळं पडतं.

दिवाळीच्या तोंडावर चकलीतही डिस्कार्ड घाला, असा सल्ला फिरतो आहे. मैद्याच्या चकल्या करताना पीठ फडक्यात बांधून कोरडंच वाफवतात, ते त्याचा चिवटपणा जावा म्हणून. त्यात निम्मं पाणी असलेलं कच्चं पीठ ओतून मोहनाचा हिशेब का बिघडवायचा? सोऱ्याला भाजणीच राहू द्या.

स्टार्टर नवंकोरं असेल तर पहिल्या आठवड्यातलं काढलेलं पीठ खाऊ नका, त्यात नको ते जंतू अजून तग धरून असतात. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली तर सगळं फेकून द्या आणि बरणी स्वच्छ धुवा. आणि मुळात साठा कमी ठेवा: २० ग्रॅम पुरतं. पाव करायच्या आदल्या रात्री त्यालाच वाढवायचं, बरणीच्या कडांना चिकटलेलं राहील तेवढ्याला थोडं घट्ट पीठ-पाणी द्यायचं आणि तासाभरानं फ्रीजमध्ये ढकलायचं. आठवडाभर ते काही मागत नाही.