झाड आपले, नुकसान शेजाऱ्याचे, भरपाई कोणाची?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे वारे सुटले की कडुलिंबाच्या फांद्या कारखान्यांच्या पत्र्यांवर येतात. आमच्या परिचयाच्या एका चादर कारखानदाराने शेडलगतचे वाळके लिंबाचे झाड दोन मजूर लावून तोडायला घेतले. झाड उलट फिरून शेजाऱ्याच्या पत्र्यावर गेले. खाली तयार टॉवेलच्या गाठी होत्या आणि त्याच संध्याकाळी पाऊस आला. आपली पॉलिसी आहे म्हणून कारखानदार निर्धास्त होता. पॉलिसी वाचली तेव्हा कळले, ती त्याच्या स्वतःच्या इमारतीची व मालाची होती. शेजाऱ्याचे पैसे त्याने वर्षभर हप्त्याने फेडले.

व्यापारी बांधवांनी हा फरक नीट समजून घ्यावा. जुन्या फायर पॉलिसीत धडकेचे नुकसान म्हणजे रेल्वे, मोटार किंवा जनावराची धडक एवढेच धरले जाई. वादळाने झाड पडले तर वादळाच्या कलमाखाली दावा होई. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत (एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता) पडणाऱ्या झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण तीही आपल्याच मालमत्तेपुरती. शेजाऱ्यासाठी पब्लिक लायबिलिटीचा आणि मजुरासाठी कामगार भरपाईचा विमा वेगळा घ्यावा लागतो. झाड तोडण्याचे काम त्यात बसते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

झाड तोडलेच नाही म्हणूनही सुटका नाही. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या इसमाच्या डोक्यावर लिंबाची फांदी पडून तो दगावला. फांदी वाळलेली होती. सुप्रीम कोर्टाने १९९९ साली महापालिकेला जबाबदार धरले. पस्तीस वर्षे खटला!

स्वतःच्या आवारातले झाड असले तरी १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे शहरात वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्षात मोडते, तेव्हा अर्ज लवकर करावा. परवानगीचा कागद आणि झाडाचे आधीचे फोटो पॉलिसीबरोबर ठेवावेत. दाव्याच्या वेळी सर्व्हेअरला दाखवायला तेच उपयोगी पडतात.

आता तोडण्याविषयी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट मोकळी जागा नसेल तर झाड उभे पाडूच नये. आपल्या पेठांत एवढी जागा कुठे असते? शेंड्याकडून फांद्या दोराने बांधून एकेक उतरवाव्यात. बुंधा पाडायचाच असेल तर पाडायच्या बाजूने पाव भागापर्यंत खाच घ्यावी, मग मागून थोडी वर करवत लावावी आणि मधले थोडे लाकूड न कापता सोडावे. ते बिजागरीसारखे झाडाला दिशा देते. त्या कारखानदाराच्या मजुरांनी नेमके तेच कापले होते. जवळ विजेची तार असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घ्यावा आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगून त्याचा माल हलवून घ्यावा.