तंबूच्या ठेक्यातून उभी राहिलेली रेल्वे
माथेरानच्या डोंगरावरील स्टेशन आणि त्यावर जगणारा बाजार

छावणीच्या मागणीवर बाजार कसा उभा राहतो, हे कामठीच्या व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली आणि तिच्या आधाराने येथील बाजार वाढला. अशाच लष्करी पुरवठ्याच्या व्यवसायातून मुंबईच्या एका बोहरा व्यापाऱ्याने पैसा कमावला आणि तो डोंगरावर रेल्वे नेण्यासाठी खर्च केला. ती रेल्वे म्हणजे नेरळ-माथेरान. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी तिची हकीकत जाणून घ्यावी अशी आहे.

काडेपेट्यांपासून सोळा लाखांपर्यंत

सर आदमजी पीरभॉय यांचा जन्म काठेवाडातील धोराजी येथे एका गरीब दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. मुंबईत आल्यावर सुरुवातीला त्यांनी रस्त्यावर काडेपेट्या विकल्या, असे सांगतात. पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवण्याचे काम त्यांना मिळाले आणि त्यात त्यांची भरभराट झाली. ते मुंबईचे शेरीफ झाले. १९०७ मध्ये कराचीत भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

माथेरानला जाणे त्या काळी कष्टाचे होते. मुंबई-पुणे मार्गावरील नेरळला उतरायचे आणि तेथून घोड्यावर, पालखीत किंवा पायी डोंगर चढायचा. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०० च्या सुमारास या चढावर रेल्वे नेण्याची योजना आखली. वडिलांनी भांडवल दिले. खर्च सुमारे सोळा लाख रुपये झाला. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोहोचली. बार्शी लाइट रेल्वेमुळे नाव झालेले इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा या कामात सल्ला होता.

चढ कसा जिंकला?

या मार्गाची लांबी सुमारे २१ किलोमीटर असून रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे. सर्वांत कठीण ठिकाणी २० फूट पुढे जाताना गाडी १ फूट वर चढते. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाचा चढसुद्धा ३७ फुटांना १ फूट एवढाच आहे. सरळ वर जाणे शक्य नसल्याने रूळ डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत नेले आहेत. एके ठिकाणी तर ते घोड्याच्या नालेसारखे वळले आहेत. एवढ्या तीव्र वळणांवर साधे इंजिन अडले असते. म्हणून जर्मनीहून आणलेल्या इंजिनांत चाकांचे आस वळणाबरोबर थोडे सरकतील अशी रचना होती. पुढे वाफेची इंजिने गेली आणि डिझेलची आली.

नेरळनंतर जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि शेवटी माथेरान अशी स्टेशने आहेत. आज हा मार्ग मध्य रेल्वेकडे आहे.

स्टेशनच्या जोरावर पेठ

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून शटल गाडीने जावे लागते. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते, पण २०१२ पासून अमन लॉज ते माथेरान हे शटल पावसातही चालवले जाते. त्यातून प्रवाशांबरोबर पार्सलेही जातात. ज्या गावात मोटार पोहोचत नाही, तेथे या सेवेचे महत्त्व दुकानदारच जाणतो.

माथेरानची चामड्याची चप्पल, मध आणि चिक्की प्रसिद्ध आहे. चप्पल विकणारा, घोडेवाला, हमाल, खानावळवाला या साऱ्यांचे गिऱ्हाईक डोंगर चढून वर आले तरच त्यांची चूल पेटते.

रूळ वाहून गेले तेव्हा

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा सुरू व्हायला मार्च २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये डबे घसरल्याने गाडी थांबवण्यात आली आणि २०१८ मध्ये ती पुन्हा पूर्ण मार्गावर धावू लागली. २०१९ च्या पावसाने रूळ पुन्हा उखडले. त्यानंतर नेरळहून थेट माथेरानला गाडी सुटली ती २२ ऑक्टोबर २०२२ रोजी. सतरा वर्षांत तीन वेळा, आणि दर वेळी दीड वर्षाहून अधिक काळ हा मार्ग बंद राहिला.

बदल दुसऱ्या बाजूनेही आला आहे. माणसाने माणसाला ओढून नेणाऱ्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळावी अशी योजना करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. कष्टकऱ्याचा मान राखणारा हा आदेश आहे. पण ज्यांची रोजी त्या रिक्षावर होती, त्यांच्या हाती नवे वाहन वेळेवर पडणे तितकेच गरजेचे आहे.

आपण काय घ्यावे?

नागपूर भागातही हे घडले आहे. नागपूर-छिंदवाडा ही सातपुड्याची छोटी लाइन २०१५ मध्ये मोठ्या रुळांसाठी बंद झाली. तिच्या वेळापत्रकावर ज्यांचा आठवडी बाजार ठरत होता, त्यांना अनेक वर्षे एसटी आणि टेम्पोवर अवलंबून राहावे लागले.

आदमजींनी लष्कराच्या एका ठेक्यावर समाधान मानले नाही. एका धंद्याची कमाई त्यांनी दुसऱ्या कामात घातली. आपल्यातील विणकर असो, चामड्याचा कारागीर असो वा किराणा दुकानदार, प्रत्येकाने मालाच्या भावाबरोबर गिऱ्हाईक कोणत्या वाटेने येते याचाही हिशोब ठेवावा. ती वाट बंद झाली तर माल दुसऱ्या कोणत्या पेठेत जाईल, हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. आणि रेल्वेने मार्ग बंद करण्याची सूचना काढली, तर बाजारातील चार जणांनी एकत्र बसून पर्यायी सोयीची मागणी लेखी द्यावी. एकट्या दुकानदाराच्या तक्रारीपेक्षा साऱ्या पेठेच्या अर्जाला वजन असते.