काचेचे छत

पात्रतेचे नियम छापलेले असतात. अडविणारे नियम बहुधा कोठेच लिहिलेले नसतात. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांचा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवेशाचा अर्ज संचालक चं. वें. रामन यांनी नाकारला, तो केवळ त्या स्त्री होत्या म्हणून. कमलाबाईंनी बंगलोर गाठून आग्रह धरला, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या. आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, असेही होते. दुसऱ्याच्या मनाचा जिम्मा विद्यार्थिनीवर टाकणारी ही अट विलक्षणच म्हटली पाहिजे. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

हा अडसर निदान डोळ्यांना दिसणारा होता. अमेरिकेत १९७८ नंतर ज्यास ‘काचेचे छत’ म्हणू लागले, तो प्रकार कमलाबाईंना पुढे मुंबईत अनुभवावा लागला. १९३९ ची केंब्रिजची पीएच.डी. आणि दीर्घ अध्यापन जमेस असूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षे लांबले. रामन यांच्यापुढे जाऊन जाब विचारता आला होता. येथे तो कोणाला विचारावयाचा? ते पद त्यांना मिळाले, पण निवृत्ती तोवर जवळ येऊन ठेपली होती.