वृद्धांचा मोडलेला खांदा आणि उलटा सांधा

मानवी शरीरातील सर्वांत मोकळेपणाने फिरणारा सांधा खांद्याचा होय. दंडाच्या हाडाचे वरचे टोक गोळ्यासारखे असून ते खवाट्याच्या हाडावरील एका उथळ वाटीत टेकलेले असते. ही जोडणी सांभाळण्याचे काम चार लहान स्नायूंकडे आहे. त्यांच्या दोरीसारख्या कंडरा गोळ्यालगतच्या दोन उंचवट्यांवर येऊन चिकटतात. खांद्यावर बाहेरून पांघरलेला जाड त्रिकोणी स्नायू हात उचलतो खरा. परंतु आतल्या स्नायूंनी गोळा वाटीत दाबून धरला नाही, तर त्या ओढीने गोळा नुसताच वर सरकेल.

उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे विरळ होतात. मग न्हाणीघरात पाय घसरून पडणे एवढेही कारण दंडाचे हाड खांद्यापाशी मोडण्यास पुरते. असे बहुतेक अस्थिभंग हात झोळीत ठेवून व पुढे व्यायाम देऊन बरे होतात. ब्रिटनमध्ये हाडाचे तुकडे सरकलेल्या २५० रोग्यांचा अभ्यास होऊन तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेले व न झालेले रोगी दोन वर्षांनंतर सारखेच आढळले. क्ष-किरणचित्र भयंकर दिसते एवढ्यावरून शस्त्र हाती घेणे इष्ट नव्हे.

तथापि काही अस्थिभंग याहून बिकट असतात. गोळा, दोन्ही उंचवटे आणि खालचा दांडा असे चार तुकडे वेगळे झाले, की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा संभव असतो. पट्टी व स्क्रू लावून ते जोडावेत, तर विरळ हाडात स्क्रू पकड घेत नाहीत. गोळा खचला म्हणजे त्यांची टोके सांध्यातही घुसतात.

मोडका सांधा काढून कृत्रिम सांधा बसविण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिस येथे पेआन या शल्यविशारदाने १८९३ साली क्षयाने पोखरलेल्या एका खांद्यात प्लॅटिनम व रबर यांचा सांधा बसविला. तो घडविणारा गृहस्थ दंतवैद्य होता! जंतुसंसर्गामुळे हा सांधा पुढे काढावा लागला. १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी अशा अस्थिभंगांसाठी दांडीवर बसविलेला धातूचा गोळा वापरात आणला. त्याने वेदना कमी होत. पण मोडलेले उंचवटे नीट सांधले तरच हात वर जाई, आणि वृद्धांच्या हाडात ते पुष्कळदा सांधत नसत.

ही अडचण फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली निराळ्याच मार्गाने सोडविली. त्यांनी गोळा व वाटी यांची अदलाबदल केली. खवाट्यावर धातूचा अर्धगोल बसविला आणि दंडाच्या टोकाला वाटी दिली. त्यामुळे हात ज्या बिंदूभोवती फिरतो तो आत व खाली सरकला. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड लागते, दूर ढकलले तर सहज उघडते. त्याचप्रमाणे त्रिकोणी स्नायूची ओढ फिरण्याच्या बिंदूपासून दूर गेली, स्नायू ताणलाही गेला, आणि आतल्या स्नायूंवाचून तो एकटा हात उचलू लागला. मूळची योजना कंडरा झिजून फाटलेल्या खांद्यांसाठी होती. अस्थिभंगासाठी तिचा उपयोग नंतर सुरू झाला. नॉर्वेत ६५ ते ८५ वर्षांच्या १२४ रोग्यांवर पट्टी व उलटा सांधा यांची तुलना झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनंतर उलट्या सांध्याचे रोगी हाताचा वापर अधिक चांगला करीत होते.

सारी भिस्त त्रिकोणी स्नायूवर असल्याने त्याचा मज्जातंतू शाबूत आहे की नाही, हे आधी तपासावे लागते. तुटलेले उंचवटेही शक्य तितके शिवून पूर्ववत बसवितात. ते सांधले तर हात बाहेरच्या बाजूला वळविणे सुकर होते. सांधा निखळणे, जंतुसंसर्ग होणे हे धोके आहेतच. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात झोळीत राहतो आणि व्यायामाला अनेक महिने द्यावे लागतात. एवढे झाल्यावर बहुतेकांना घास तोंडाशी नेता येतो, केसही विंचरता येतात. पाठीमागे हात नेऊन बंद बांधणे मात्र अनेकांना पुढेही अवघडच जाते.