तेल नक्की गळतंय कुठून?

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाईक, शेजारी, घरमालक सगळे एकच विचारतात, "मग आमची गाडी बघशील का रे?" आपण तोवर फक्त कॉटर जॉइंटचं ड्रॉइंग काढलेलं असतं. असो. यंदा मात्र ही वेळ खरोखरच आली. करावे गावात ज्यांच्याकडे आमचा डबा लावलेला आहे, त्या काकांच्या १९९८ च्या मारुती ८०० खाली रोज सकाळी तळहाताएवढा काळा डाग पडायचा. गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारला, बेल हाउसिंग ओलं दिसलं आणि निकाल दिला, "मागचं ऑइल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." एवढी मजुरी ऐकून काका गाडी भंगारात द्यायला निघाले. काकू तयार नव्हत्या, कारण गुडघ्यांमुळे त्यांना बसची पायरी चढवत नाही.

मित्रहो, इथे एकच नियम लक्षात ठेवायचा. तेल वरून खाली येतं आणि गाडी पळत असताना वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे दोष असतोच असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. (वायव्हाला विचारत नाहीत, पण विचारायला हवं.)

आधी गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का, हे बघायचं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवायचा आणि चाकं कुठे होती त्याची पेनने खूण करायची. तपकिरी-काळं आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर इंजिन ऑइल. जाडसर आणि उग्र गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑइल. हिरवट, पाण्यासारखं असेल तर कूलंट. एसी असलेल्या गाडीखाली नुसतं पाणी दिसलं तर खुशाल झोपा. आमच्या पुठ्ठ्यावर इंजिन ऑइल होतं, आणि गिअरबॉक्सच्या बाजूला.

मग धुणं. वर्षानुवर्षं साचलेल्या चिकट काळ्या थराखाली ताजी गळती दिसूच शकत नाही. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची वायर काढलेली, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर आणि अल्टरनेटरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, आणि मग डिझेल व जुना ब्रश. पुसून कोरडं करायचं आणि वास पूर्ण गेल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. त्यानंतर संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरायची. इंजिन पंधरा मिनिटं चालवून बंद करायचं आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन बघायचं. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ लगेच उमटते. (हॉस्टेलचा अर्धा डबा संपला, रूममेट अजून बोलत नाही.) मोठ्या वर्कशॉपमध्ये यासाठी तेलात चमकणारा रंग घालून अल्ट्राव्हायोलेट दिवा मारतात. तत्त्व तेच.

रेघ कुठून निघाली? ८०० चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन आडवं बसवलेलं आहे. त्याचा डिस्ट्रिब्युटर हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असतो आणि कॅमशाफ्टवरून फिरतो. तिथली रबरी ओ-रिंग कडक झाली की तेल हेडवरून ओघळत थेट बेल हाउसिंगवर येतं. खालून बघणाऱ्याला वाटतं मागचं सील! सील खरंच गेलं असतं तर वरचा भाग कोरडा राहून तेल बेल हाउसिंगच्या आतून, खालच्या फटीतून आलं असतं, आणि क्लच प्लेटला लागून क्लच घसरायला लागला असता. आमच्याकडे तसं काही नव्हतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंगही एका कोपऱ्यात ओलं होतं.

रबर असं का होतं? सील आणि ओ-रिंग बहुधा नायट्राइल रबरच्या असतात. वर्षानुवर्षं उष्णता आणि तेल लागून रबर कडक होतं, दाबल्यावर परत फुगत नाही, आणि फट राहते. आणखी एक कारण लोक विसरतात. पिस्टन रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये येतोच, आणि तो ब्रीदरच्या पाइपातून परत आत ओढला जातो. हा पाइप तुंबला की आत दाब वाढतो आणि नवीन पॅकिंगमधूनही तेल बाहेर येतं. म्हणून पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर साफ करावा. आमच्या पाइपात काळा गाळ भरला होता!

डिस्ट्रिब्युटर काढताना बॉडी आणि हेडवर मिळून एक खूण करायची, आणि रोटरचं तोंड कुठे आहे तीही. गिअर तिरक्या दात्यांचे असल्याने बाहेर ओढताना रोटर थोडा फिरतो, घाबरू नये. बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवायचं नाही, नाहीतर टायमिंग गेलंच. ओ-रिंग स्पेअर पार्टच्या दुकानातूनच आणावी. नळाचं वॉशर त्या मापाचं मिळतं, पण ते तेलात टिकत नाही. बसवताना तेलाचं बोट फिरवायचं. टॅपेट कव्हरचे नट "अजून थोडं, अजून थोडं" करून आवळायचे नाहीत. पत्रा वाकतो आणि गळती वाढते. सीलंटही भसाभस लावू नये, सुटलेला तुकडा चेंबरमधल्या जाळीत जाऊन अडकतो. "गळती बंद" करणाऱ्या बाटल्या तर माझ्या मते शेवटचा उपाय. त्या रबर फुगवतात, फाटलेलं शिवत नाहीत.

ओ-रिंग आणि पॅकिंग मिळून महिन्याच्या डब्यापेक्षा स्वस्त पडलं. दुसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्यावर दोनच थेंब होते, तेही चेंबरच्या ड्रेन प्लगखाली. तिथलं वॉशर पुढच्या ऑइल चेंजला बदलणार. तोवर काका दर रविवारी डिपस्टिक बघतात. कारण तेलाची पातळी खालच्या खुणेखाली गेली तर बेअरिंग खातं, आणि तो खर्च गिअरबॉक्सपेक्षा मोठा.

धुतलेलं काळं डिझेल मात्र गल्लीच्या गटारात ओतू दिलं नाही. इथली गटारं शेवटी खाडीकडेच जातात, आणि चाणक्यच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात. कॅनमध्ये भरून ते गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात दिलं. त्याच गॅरेजच्या, ज्याने गिअरबॉक्स उतरवायला सांगितला होता.