अर्थशास्त्राचे दोन पेपर आणि परदेशाची वाट

आपली मुले आता आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला परदेशी जाऊ पाहत आहेत, ही आनंदाची बाब आहे. कोणी राज्यशास्त्राचा पदवीधर, कोणी इतिहासाचा. गुण चांगले, जिद्द मोठी. पण अर्ज भरताना एक प्रश्न आडवा येतो : सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राचे पेपर झाले आहेत काय? या प्रश्नाची खबर आपल्या वस्तीत फार उशिरा पोहोचते, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

अमेरिकेत जॉर्जटाउनची परराष्ट्र सेवा संस्था १९१९ ची, फ्लेचर १९३३ ची, जॉन्स हॉपकिन्सची 'सैस' १९४३ ची, तर कोलंबियाची 'सिपा' १९४६ ची. अशा संस्थांपैकी कोणी हे पेपर आधीच झालेले मागते, कोणी केवळ शिफारस करते, कोणी प्रवेशानंतर अर्थशास्त्र सक्तीने शिकवते. नियम बदलतात, त्या वर्षाचे माहितीपत्रक वाचावे, ऐकीव गोष्टींवर विसंबू नये.

ही अट उगाच नाही. १९९१ साली भारताला सोने गहाण टाकावे लागले, रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. विनिमय दर आणि व्यवहारतोल ज्याला कळत नाही, त्याला हे परराष्ट्र धोरण कसे कळणार? बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९१३ साली ते कोलंबियात गेले, १९१५ साली अर्थशास्त्रात एम. ए. झाले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी अर्थशास्त्राला भ्यावे, हे शोभत नाही.

खरी मेख पुढे आहे. पेपर बाकी असेल तर विद्यापीठ सशर्त प्रवेश देऊ शकते. सरकारी परदेश शिष्यवृत्ती मात्र बिनशर्त प्रवेशपत्र मागते. श्रीमंताचा मुलगा ती अट उन्हाळ्यात पैसे भरून पूर्ण करतो. आपल्या मुलाची शिष्यवृत्तीच हातची जाते, आणि वर्षही जाते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच तयारी करा. महाविद्यालयात अर्थशास्त्र हा जोडविषय घ्या. ते जमले नसेल तर इग्नू किंवा 'स्वयम्'वरचा अभ्यासक्रम परीक्षा देऊन पूर्ण करा. पण तो चालेल काय, हे विद्यापीठाला आधी पत्राने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. गुणपत्रिकेवर नुसते 'अर्थशास्त्र पेपर १' असे छापलेले असेल, तर विद्यापीठाच्या शिक्क्याचा अभ्यासक्रम जवळ ठेवा. 'भारतीय अर्थव्यवस्था' हा पेपर सूक्ष्म अर्थशास्त्र म्हणून धरला जाईलच, असे गृहीत धरू नका.

आमच्या प्राध्यापकांनी आणि वसतिगृहांतल्या कार्यकर्त्यांनी ही माहिती बारावीच्या निकालाबरोबरच मुलांच्या हाती द्यावी. जयंतीच्या वर्गणीतून अर्थशास्त्राची चार पुस्तके वस्तीच्या वाचनालयात आली, तर तेही अभिवादनच ठरेल.