पहिल्यांदा स्नोबोर्डिंग? जीन्स घरीच ठेवा!

गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला निघालात आणि घरातला सगळ्यात जाड स्वेटर बॅगेत कोंबताय? थांबा जरा. पहिल्या दिवशी आपण बोर्डवर कमी आणि बर्फात बसलेले जास्त असतो. त्यामुळे ओलं होण्याची काळजी आधी घ्यायची.

मी तीन थर सांगतो. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल. कॉटन नको, ते घाम धरून ठेवतं आणि उतारावर थांबलात की हुडहुडी भरते. त्यावर फ्लीस. सगळ्यात वर वॉटरप्रूफ जॅकेट आणि पॅन्ट. बजेट कमी असेल तर आधी पॅन्ट चांगली घ्या, बसायचं तिच्यावरच आहे!

मोजे? एकच जोडी, लोकरीची, उंच. दोन घातले की चुण्या पडतात आणि बूट चावतो.

हेल्मेट, गॉगल, वॉटरप्रूफ ग्लोव्हज तर हवेतच. पण रिस्ट गार्डही घ्या. पडताना आपण हात टेकतो, म्हणून नवशिक्यांच्या मनगटाला दुखापत फार होते. बोर्ड आणि बूट तिथे भाड्याने मिळतात, मनगट नाही मिळत!

आणि हो, सनस्क्रीन. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, त्यात बर्फावरून ऊन उलटून तोंडावर येतं. थंडीतही चेहरा भाजतो, बरं का!